स्कूटरवर झोपायचं नाही

सिग्नल लाल होता आणि प्रज्ञानं हॉर्न वाजवला. एकदा नव्हे, तीनदा. शनिवारी सकाळी आठ वाजता दुबईच्या अल मनखूलमध्ये असा हॉर्न कुणी वाजवत नाही. पलीकडच्या गाडीतल्या गृहस्थांनी मान वळवून पाहिलं, किराणा दुकानाचं शटर वर करणारा माणूस अर्धवट वाकलेला तसाच थांबला, आणि मागच्या सीटवर बसलेली आई म्हणाली, "अगं, काय झालं?" प्रज्ञाचं लक्ष यांच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. तिच्या डाव्या हाताला, अगदी खिडकीला लागून, एक मोटरसायकल उभी होती. मागे हॉटेलातलं जेवण पोचवायचा चौकोनी खोका होता आणि पुढे टाकीवर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या डोक्यावर मोठ्या माणसाचं हेल्मेट होतं आणि त्याखालून दोन बारीक वेण्या लोंबत होत्या. ते हेल्मेट हळूहळू पुढे कलायचं, मीटरच्या काचेवर टेकायचं, दचकून वर यायचं आणि पुन्हा कलायचं. चालवणारा सिग्नलच्या आकड्यांकडे बघत होता. प्रज्ञानं काच खाली केली आणि ती ओरडली, "अहो, झोपतेय ती! झोपू देऊ नका तिला!" मग आपण मराठीत ओरडलो हे ध्यानात येऊन, "भाई, बच्ची सो रही है!" माणूस दचकला. त्यानं खाली बघितलं, पटकन डावा हात मुलीच्या हनुवटीखाली घातला, तिचं डोकं आपल्या छातीवर मागे घेतलं आणि आपण ताई म्हणतो तसं "शुक्रिया, बाजी," म्हणाला. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि तो निघून गेला. प्रज्ञाची गाडी तशीच उभी राहिली. आता मागच्यांनी हॉर्न वाजवले.

"मम्मा, दॅट्स सो नॉट अलाउड," शर्वाणी म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि दुबईतले सगळे नियम तिला पाठ होते. "ही विल गेट अ बिग फाइन." मग जरा थांबून, "अँड यू शाउटेड. यू नेव्हर शाउट." आई मात्र हसत होती. आरशात तिचे फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. दोन महिन्यांत त्या मोकळ्या कपाळाची सवय व्हायला हवी होती. "ओरडलीस कशी गं," ती म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखी." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

प्रज्ञा न ओरडणाऱ्यांपैकी होती, हे खरंच. ऑफिसात तिचा हा गुण मानला जायचा. बाबा गेल्यावर सांगलीच्या घरी बारा दिवस माणसं येत होती तेव्हाही चुलत्या-मावश्यांनी एकमेकींना सांगितलं होतं, थोरलीनं छान सावरलंय हो. ती चहा करत होती, फोन घेत होती, लहान भाऊ रुपेश कोपऱ्यात रडत बसला की त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत होती. संध्याकाळी कपाटातलं एखादं पुस्तक घेऊन बसायची. एकच पान चार-चारदा वाचलं जायचं, पण हातात पुस्तक आहे म्हटल्यावर कुणी जवळ येऊन बसत नसे. तेराव्यानंतर ती आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे घेऊन आली. आणि आता, शारजाकडे जाणाऱ्या गर्दीत गाडी रेटताना, तिच्या डोक्यात ती मुलगी नव्हती. मुलगी तर जागी झाली होती. डोक्यात आपलं वाक्य होतं. ते वाक्य तिचं नव्हतंच. तीसेक वर्षं ते तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते बाबांचं होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्यात कुठंतरी नीट घडी करून ठेवलेलं असावं तसं, एकही सुरकुती न पडता बाहेर आलं होतं.

बाबांची स्कूटर राखाडी रंगाची होती. सुरू करण्याआधी तिला आपल्याकडे कलती करून धरावी लागे. पेट्रोल उतरतं, बाबा म्हणायचे. आणि ती स्कूटर म्हणजे एक छोटं घरच होतं, ज्याच्या त्याच्या जागा ठरलेल्या. पुढे, बाबांच्या दोन गुडघ्यांमध्ये, पाय ठेवायच्या पत्र्यावर प्रज्ञा उभी. तिच्या नडग्यांना टेकून हुकाला अडकवलेली पिशवी. मग बाबा. मागे एका बाजूला पाय सोडून आई आणि तिच्या मांडीवर दुपट्यात रुपेश. आईचा एक हात रुपेशभोवती, दुसरा बाबांच्या पट्ट्यात. दर दुसऱ्या रविवारी अशी ही चार माणसं तासगावला मामाकडे जात. हेल्मेट कुणाकडेच नव्हतं, आणि हे चुकीचं आहे असं म्हणणारं माणूस सबंध सांगलीत भेटलं नसतं. हॉर्न हे प्रज्ञाचं खातं होतं. वळताना हात बाहेर काढून दाखवायचं कामही तिचंच. स्कूटरचा दिवा एका बाजूचा गेलेला होता आणि तो दुरुस्त करायची बाबांना कधी गरजच वाटली नाही, मुलगी होती की. ती उजवा हात ताठ बाहेर काढी. वारा तळव्यावर आपटे. समोरून येणारा ट्रक आपल्या त्या एवढ्याशा हाताकडे बघून वेग कमी करतो आहे, हे तिला स्पष्ट दिसे. त्यानंतर आयुष्यात इतकं महत्त्वाचं काम तिला कुणी दिलं नव्हतं. हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत ती आज साठ माणसांच्या खरेदी विभागाची प्रमुख होती, तरीसुद्धा.

झोपायचं नाही, हा नियम नंतर आला. पाच वर्षांची असेल ती. मामाकडे पुरणपोळीचं जेवण झालेलं, मार्चमधली दुपार, द्राक्षांच्या मळ्यांवरून येणारी गरम, किंचित आंबूस हवा. इंजिनाची घरघर पायांतून वर चढत होती, पोटात जाऊन बसत होती. डोळे मिटल्याचं तिला आठवत नाही. कपाळाला हँडलचा तापलेला धातू लागल्याचं आठवतं, आणि मग सगळं तिरकं. स्कूटर रस्ता सोडून मातीत उतरली आणि बाभळीच्या अलीकडे बंद पडली. आईच्या दोन बांगड्या फुटल्या. त्यापलीकडे कुणालाच काही झालं नाही. रुपेश तर झोपेतून उठलाही नाही. बाबा स्कूटर स्टँडवर लावून खाली मातीतच बसले, स्वच्छ इस्त्रीची पँट घालून. तिनं त्यांना असं जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. रागावलं कुणीच नाही. थोड्या वेळानं ते उठले, बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी तिचं तोंड धुतलं, आणि तिच्या उंचीला वाकून म्हणाले, "स्कूटरवर झोपायचं नाही. मी विचारत राहीन, तू सांगत राहायचं." तेव्हापासून ते विचारत राहिले. ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते वाच. ती अक्षरं जुळवी, ट्रक निम्म्या शब्दावर वळून जाई, बाबा म्हणत, "पुढं?" मग उरलेलं तिला मनानं रचावं लागे. पुढे गोष्टी सुरू झाल्या. शाळेत ऐकलेल्या, वाचलेल्या, अर्ध्यामुर्ध्या, वाऱ्यात निम्म्या उडून जाणाऱ्या. बाबांना त्यातलं किती ऐकू येई कोण जाणे. ती थांबली की त्यांची हनुवटी तिच्या टाळूवर टेके आणि आवाज येई, "पुढं?" इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर, दोन भाषांतली, तीन भाषांतली, प्रज्ञाला कधीकधी वाटे की आपल्याला वाचनाची आवड वगैरे काही नाही. आपल्याला फक्त जागं राहायला शिकवलेलं आहे.

"शर्वाणी, झोपलीस का गं?" मागून आई विचारत होती. शारजा मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना तांबूस वाळू आणि तारेच्या कुंपणापलीकडे विरळ, धुळकट झाडं. "नो," शर्वाणी म्हणाली, झोपेच्या आवाजात. "मग सांग, काल शाळेत काय झालं?" "नथिंग." "काहीतरी झालंच असेल की. डबा कुणी खाल्ला?" "आय एट इट." "मग? पुढं?" "आजी, प्लीज! आय वॉन्ट टू स्लीप. इट्स अ कार! आय हॅव अ सीट बेल्ट!" "बेल्ट पोटाला आहे बाई. मान कोण धरणार?" असं म्हणून आईनं आपला हात नातीच्या छातीवरून आडवा टाकला. आल्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. प्रज्ञानं ब्रेकवर नुसता पाय ठेवला तरी मागे तो हात आडवा येई, गाडी वीसच्या वेगानं चाललेली असली तरी. सुरुवातीला शर्वाणीनं तक्रार केली, मग रडून पाहिलं, आणि अलीकडे तिनं हेडफोनचा उपाय काढला होता. आताही तिनं हेडफोन चढवले, आजीचा हात दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि मान खिडकीला टेकली. "गेली बघ," आई म्हणाली, तक्रारीच्या सुरात. पण हात हळूच पुन्हा जागेवर आला.

त्या तिघी फुजैराला चालल्या होत्या. तिचा नवरा श्रीनाथ तिथं बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलमध्ये होता, आठवडाभर तिकडे आणि सुट्टीला घरी. या खेपेला सुट्टी रद्द झाली म्हणून, आईनं तिकडचा समुद्र अजून बघितला नाही म्हणून, आणि घरात बसून आई दाराच्या भोकातून जिन्यातल्या लोकांवर लक्ष ठेवायला लागली होती म्हणूनही, प्रज्ञानं हा बेत काढला होता. तसं आईचं इथं बरं चाललं होतं. खाली राहणाऱ्या चिपळूणच्या स्मिताताईंशी तिची गट्टी जमली होती. दोघी रोज संध्याकाळी बिल्डिंगला पाच फेऱ्या मारत आणि भाजीच्या किमतीला चोविसानं गुणून एकमेकींना घाबरवत. "शेवग्याच्या शेंगा सात दिरहम! म्हणजे किती झाले सांगा बघू!" आल्या आल्या आई रात्रभर हॉलमध्ये बसून असे, ते आता थांबलं होतं. जेवत होती. परवा साबुदाणा कमी भिजल्यावरून प्रज्ञाला बोललीसुद्धा, आणि प्रज्ञाला ते बोलणं ऐकून इतकं बरं वाटलं की तिनं मुद्दाम दुसऱ्या दिवशी वरण पातळ केलं. घरात दुःख होतं, पण ते पाहुण्यासारखं वागत होतं. बूट बाहेर काढून, आपल्या खुर्चीत बसून. फक्त एक गोष्ट होती. ती प्रज्ञा आणि आई यांच्यामध्ये रोज सकाळी चहाच्या वेळी येऊन उभी राही, आणि प्रज्ञा उठून कप विसळायला जाई.

बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. आडवं झालं की श्वास लागे, म्हणून पाठीला उशा लावून बसूनच असत, आणि बसून झोप येत नसे. अकराव्या दिवशी प्रज्ञा ऑफिसात होती. सव्वा वाजला होता, तिकडे पावणेतीन. आत मीटिंग रूममध्ये बाहेरून आलेले ऑडिटवाले बसले होते आणि ती कसलीशी फाइल आणायला बाहेर आली तेवढ्यात बाबांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. फोन सोनम सिस्टरनं धरला होता. "मॅडम, तुमच्याशी बोलायचंय म्हणतायत, ऐकतच नाहीत." पडद्यावर बाबांचा चेहरा, एका बाजूनं जास्त, दाढी वाढलेली, डोळे मात्र टक्क उघडे. "प्रज्ञा," ते म्हणाले, "ऐक, एक गंमत सांगायचीय." आणि थांबून श्वास घेतला. तिनं मागे पाहिलं. काचेपलीकडून तिचा साहेब घड्याळ दाखवत होता. ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळी सविस्तर सांगा. आता झोपा तुम्ही." "झोपू?" त्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे खरोखरच विचारलं, लहान मूल विचारतं तसं. ती म्हणाली, "हो, झोपा." तिच्या घड्याळात अडीच वाजता रुपेशचा फोन आला.

आईला हे माहीत नव्हतं. आई त्या वेळी इंजेक्शन आणायला खाली गेली होती, आणि ती वर आली तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता, आत डॉक्टर होते, आणि तिला बाहेर थांबवलं गेलं. सोनम सिस्टरची पाळी संपली होती. ती पुन्हा कुणाला भेटलीच नाही. त्यामुळे तो कॉल जगात फक्त प्रज्ञाजवळ उरला होता, चार मिनिटांचा. तिनं तो स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिला होता. चांगल्या वाचकासारखा, सगळ्या बाजूंनी. माणूस थकलेला होता. झोपेची गरज होती. कुणीही तेच म्हणालं असतं. हे सगळं पटायचं. आणि तरीही रोज सकाळी दात घासताना आरशात बघितलं की तिला वाटे, सबंध आयुष्यात एका माणसानं मला एकच गोष्ट करू दिली नाही, आणि तीच मी त्याला करायला सांगितली. त्याला सांगायची होती एक गंमत. "पुढं?" एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो मला आला नाही.

डोंगर सुरू झाले होते. तपकिरी, उघडे, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे चिरलेले. रस्ता त्यांच्यामधून गुळगुळीत वळत होता. मध्ये एका टपरीवर त्यांनी चहा घेतला होता, गाडीतच बसून. हॉर्न वाजवला की माणूस बाहेर येऊन चहा देतो याचं आईला फार कौतुक वाटलं. "ह्यांना सांगायला पाहिजे," ती म्हणाली, आणि मग कपातला वेलदोडा बोटानं काढत बसली. आता रिकामा कागदी कप तिनं अजून हातात धरलेला होता. "ह्यांना हे आवडलं असतं," डोंगरांकडे बघत ती म्हणाली. "काय आहे बघायला, म्हणाले असते. एक झाड नाही. पण आवडलं असतं." प्रज्ञा हसली. बाबा एकदाच आले होते इकडे, चार वर्षांपूर्वी. उंच इमारतींनी त्यांचं काही समाधान झालं नाही. बिल्डिंगखाली सावलीला बसणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांशी मात्र त्यांचं जमलं. ते त्यांच्या मोटरसायकलींभोवती फेऱ्या मारून हिंदीत चौकशी करत, ॲव्हरेज कितना देती है, सर्व्हिसिंग कब करते हो. एकानं त्यांना विचारलं, अंकल, चलाओगे क्या? त्या रात्री जेवताना त्यांनी अगदी सहज म्हणून विचारलं होतं, "इथलं लायसन्स काढायला काय लागतं गं?" आणि गाडीतून फिरताना ते अस्वस्थ असत. तुमच्या गाडीत वारा नाही, म्हणायचे. आणि सगळी गप्प का बसता?

त्यांच्या घरातल्या मोठ्या गोष्टी स्कूटरवरच बोलल्या गेल्या होत्या. घरी समोरासमोर बसून असं काही बोलायची पद्धत नव्हती. घरी दूध, लाइटबिल, रुपेशचे मार्क. पण स्कूटरवर समोरच्याची फक्त पाठ दिसते. तू पुण्याला शिकायला जाशील का, हे बाबांनी तिला रेल्वे फाटकापाशी पुढे बघतच विचारलं होतं. आणि श्रीनाथबद्दल तिनं त्यांना अंकलीच्या पुलावर सांगितलं, त्यांच्या चौकड्यांच्या शर्टाकडे बघून. नदी संपली, ऊस लागला, तेव्हा पाठीतून आवाज आला, "जेवायला बोलव." त्यांचा आवाज असा पाठीतूनच यायचा. कान टेकवला की शब्दाआधी त्याची धडधड लागायची.

"मी तुला एक सांगू?" आई मागून म्हणाली. आवाज हलका होता, शर्वाणीला ऐकू जाऊ नये एवढा. "तिकडं सगळ्यांना सांगताना मी एक गाळते."

प्रज्ञानं आरशात पाहिलं. आई डोंगरांकडेच बघत होती.

"इंजेक्शन आणायला गेले, रांग होती, हे खरंय. पण रांग दहाच मिनिटांची होती. नंतर मी तिथं बाकड्यावर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चहा घेतला. बिस्किटं खाल्ली, दोन." ती थांबली. "दोन नाही, पुडाच खाल्ला. बरं वाटलं गं मला, बसून. तो वास नाही, ते मशीन नाही. समोर एक बाई स्वेटर विणत होती, तिचे टाके बघत बसले. निघताना हे म्हणाले होते, लवकर ये. मी म्हटलं, आलेच. आणि खाली बिस्किटं खात बसले. जागेच असणार ते. अकरा रात्री डोळ्याला डोळा नव्हता, तेवढ्यात कुठली झोप. दाराकडं बघत असणार. आता येईल, मग येईल."

गाडी एका लांब वळणावर होती. समोर रस्ता सरळ झाला.

"जागे नव्हते, आई," ती म्हणाली.

"काय?"

"झोपले होते. माझ्याशी बोलून झोपले."

आणि मग तिनं सांगितलं, समोर बघत. एकदा सुरुवात झाल्यावर ते फार लांब नव्हतं. सोनम सिस्टर, सव्वा वाजता, ऑडिट, काचेतून साहेब. "त्यांना काहीतरी गंमत सांगायची होती. मी ऐकलं नाही. म्हटलं संध्याकाळी. त्यांनी विचारलं, झोपू? मी म्हटलं झोपा. मी म्हटलं, आई. दोन महिने मी रोज—"

"थांब," आई म्हणाली. "डोळे मिटले?"

"हो."

"तू बघितलंस?"

"बघितलं. सिस्टरनं फोन तसाच धरला होता, बंद करायचं विसरली. मीही केला नाही. आतून हाका मारत होते तरी उभी होते."

"किती वेळ?"

"दोन-अडीच मिनिटं असेल."

मागे कागदी कप चुरगळल्याचा आवाज झाला. आईनं दोन सीटांच्या मधून पुढे वाकून प्रज्ञाच्या खांद्याला धरलं, घट्ट, बोटं रुततील असं. "घोरत होते?"

प्रज्ञाला हे कधी सुचलंच नव्हतं. तिनं त्या चार मिनिटांतला एकेक शब्द उलटून पालटून पाहिला होता, पण शब्द संपल्यानंतरचं काही मोजलं नव्हतं. आता ते ऐकू आलं. "हो," ती म्हणाली. "घोरत होते."

"कसे?"

"कसे म्हणजे?"

"करून दाखव."

"आई, मी गाडी चालवतेय."

"तोंडानं चालवतेस का? कर."

प्रज्ञानं केलं. ते फारच लाजत, नाकातल्या नाकात झालं. "हे श्रीनाथचं झालं," आई म्हणाली. "ह्यांचं असं नव्हतं. नीट आठव." प्रज्ञानं घसा खाकरला. रस्त्यावर पुढे-मागे कुणी नव्हतं. तिनं मान जराशी मागे टाकली आणि घशातून श्वास ओढला, चिखलातून चप्पल ओढावी तसा, लांब, खरखरीत. मग थांबली. त्या थांबण्यात पूर्वी सगळं घर थांबायचं. आणि मग ओठांतून सोडला. शर्वाणीनं हेडफोन काढले. "मम्मा? आर यू ओके?"

"गप गं, ऐकू दे," आजी म्हणाली. "आणि शिट्टी? शेवटी शिट्टी होती का?"

प्रज्ञा आठवत होती. मीटिंग रूमचं दार, हातातली फाइल, फोनच्या छोट्या स्पीकरमधून येणारा श्वास, आणि त्याच्या शेपटाला काहीतरी बारीक. तिला तेव्हा वाटलं होतं, नेटवर्क. "होती," ती म्हणाली. "बारीकशी."

"नक्की?"

"नक्की, आई."

आई मागे टेकून बसली. "शिट्टी गाढ झोपेतच यायची," ती म्हणाली. "एरवी नुसतं सोंग. चव्वेचाळीस वर्षं ऐकलंय मी." तिनं पदरानं चेहरा पुसला, खालून वर, तोंड धुतल्यावर पुसतात तसा. शर्वाणी आळीपाळीनं दोघींकडे बघत होती.

"परत कर," आई म्हणाली. "शिट्टीसकट."